ग्राहकाने आणलेला ग्राहक

काही दशकांपूर्वी महाराष्ट्रातील घरोघरी अधूनमधून एक निनावी पोस्टकार्ड येत असे. कोणा देवाचा अथवा देवीचा महिमा त्यात चार ओळींत सांगितलेला असे, आणि शेवटी अशी आज्ञा असे की, वाचणाऱ्याने याच मजकुराची अकरा पत्रे लिहून अकरा जणांस धाडावीत. धाडल्यास लाभ होईल, न धाडल्यास अनिष्ट घडेल. घरातील कर्ता पुरुष कपाळाला आठ्या घालून ते कार्ड बाजूस टाकी. परंतु दुपारी सामसूम झाल्यावर घरातील दुसरे कोणी तरी निमूटपणे अकरा कार्डे लिहून टपालपेटीत टाकून येई. विश्वास असो वा नसो, उगीच विषाची परीक्षा कशाला, असा त्यामागील विचार असे.

त्या कार्डाकडे श्रद्धेच्या वा अंधश्रद्धेच्या दृष्टीने न पाहता केवळ प्रसाराच्या दृष्टीने पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्याला छापखाना नव्हता, जाहिरात नव्हती, पगारी प्रचारक नव्हता. पत्र वाचणारा हाच पत्राचा प्रसारक होत होता. पसरण्याचे साधन पत्राच्या मजकुरातच गुंफलेले होते. गेल्या तीस वर्षांत जगात जे नवे ग्राहकोपयोगी उद्योग बघता बघता कोट्यवधी माणसांपर्यंत पोचले, त्यांतील बहुतेकांनी हेच तत्त्व उपयोगात आणले आहे. फरक इतकाच की, त्यांनी भीतीच्या जागी सोय ठेवली, आणि काहींनी सोयीबरोबर थोडा लोभही ठेवला.

नव्या उद्योगाची मूळ अडचण जुनीच असते. माल चांगला आहे, पण तो कोणास ठाऊक नाही. ठाऊक करून द्यावयाचा तर जाहिरात हवी, जाहिरातीला पैसा हवा, आणि पैसा ग्राहक आल्यावाचून येत नाही. या चक्रातून सुटण्याचा एक मार्ग असा की, वस्तू अशी घडवावी की तिचा वापर करणे हेच तिची ओळख दुसऱ्यास करून देणे ठरावे. वापरणाऱ्याला मुद्दाम काही सांगावे लागू नये. त्याच्या नेहमीच्या व्यवहारातूनच शेजाऱ्याला, मित्राला, मामेभावाला ती वस्तू दिसावी. स्टार्टअप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या नवोद्योगांत या युक्तीला मोठे शास्त्राचे रूप आलेले असले, तरी तिची मुळे संगणकाच्या पूर्वीच्या काळात सापडतात.

अमेरिकेतील अर्ल टपर या गृहस्थाने प्लॅस्टिकची हवाबंद झाकणाची भांडी १९४६ मध्ये बाजारात आणली. भांडी उत्तम होती, तरी दुकानांच्या फळ्यांवर ती पडून राहत. कारण साधे होते. ते झाकण कसे दाबावयाचे, आतील हवा कशी काढावयाची, हे कोणी करून दाखविल्यावाचून गृहिणीला उमगत नसे. काही विक्रेत्यांनी मात्र घरगुती मेळाव्यांतून तीच भांडी भराभर खपविली. त्यांत ब्राउनी वाइज ही बाई अग्रेसर होती. १९५१ मध्ये टपर यांनी विक्रीची सूत्रे तिच्या हाती दिली आणि दुकानांतून माल काढूनच घेतला. तेव्हापासून भांडी विकली जाऊ लागली ती एखाद्या गृहिणीच्या दिवाणखान्यात, तिनेच बोलाविलेल्या शेजारणींपुढे. यजमानीण बाईला भेटवस्तू मिळे, शेजारणींना चहापाणी आणि गप्पा मिळत, आणि जमलेल्यांपैकीच कोणी पुढच्या मेळाव्याची यजमानीण होई. हळदीकुंकवाची प्रथा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना यातील मर्म निराळे सांगावयास नको. ज्या बाईला कंपनीने एवढी प्रतिष्ठा दिली, तिलाच १९५८ मध्ये कंपनीने दूर केले, हा त्या कथेचा कटू शेवट. पण पद्धत टिकून राहिली.

आता संगणकाच्या युगातील पहिले मोठे उदाहरण घ्यावे. त्याचा संबंध भारताशीही आहे. बंगळूर येथे वाढलेला आणि पिलानीच्या संस्थेत काही काळ शिकून अमेरिकेस गेलेला सबीर भाटिया हा तरुण आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ, हे दोघे नोकरी सांभाळून स्वतःच्या उद्योगाची जुळवाजुळव करीत होते. कचेरीच्या ईमेलवर खाजगी गोष्टी लिहिणे धोक्याचे होते, कारण तो पत्रव्यवहार मालकाच्या नजरेस पडण्याची धास्ती होती. या अडचणीतूनच त्यांना कल्पना सुचली की, कोणत्याही संगणकावरून उघडता येईल असे, कोणाही कचेरीच्या ताब्यात नसलेले मोफत टपाल असावे. तीन लक्ष डॉलरचे भांडवल त्यांना ड्रेपर फिशर जर्व्हेटसन या गुंतवणूकदार संस्थेकडून मिळाले आणि ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू झाले.

भांडवल देणाऱ्यांपैकी टिम ड्रेपर यांनी एक सूचना केली. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हांलाही असे मोफत टपाल हवे असल्यास येथे या, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडावी. दोघा संस्थापकांना ही सूचना प्रथम रुचली नाही, आणि त्यांचा संकोच अगदीच अनाठायी होता असे म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या खाजगी पत्राखाली आपली जाहिरात चिकटविणे म्हणजे पोस्टमनने पाकिटावर आपल्या मेहुण्याच्या दुकानाचा शिक्का मारण्यासारखेच होते. अखेर ती ओळ जोडली गेली, आणि दीड वर्षात वापरणाऱ्यांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली, असे त्या भांडवलदारांनीच नमूद केले आहे. भारतात आणि स्वीडनमध्ये हॉटमेलने कसलीही जाहिरात केली नव्हती. तरी त्या देशांत ते सर्वांत मोठे टपाल होऊन बसले. १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन ते विकत घेतले.

त्या एका ओळीत एवढे काय होते? पहिली गोष्ट, ती अनोळखी जाहिरातदाराकडून येत नव्हती. मित्राच्या पत्राखाली येत होती. दुसरी, तिच्याबरोबर पुरावाही येत होता. पत्र पोचले होते, वाचता येत होते, म्हणजे हे टपाल चालते हे सिद्धच होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि तिसरी, बहुधा सर्वांत महत्त्वाची, पाठवणाऱ्याला त्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. तो आईला खुशाली कळवीत होता. प्रचार परभारे होत होता. साथीच्या रोगाचे जंतू जसे शिंकणाऱ्याच्या इच्छेवाचून पसरतात, तसा हा प्रसार आहे म्हणून त्या भांडवलदारांनी त्याला विषाणूची उपमा दिली, आणि पुढे तोच शब्द व्यापारी जगात रूढ झाला. ‘व्हायरल’ हा शब्द आज खेड्यातील पोरेही वापरतात.

या प्रसाराचे गणित मोठे सोपे आहे, आणि ते न समजल्यामुळे अनेक उद्योगांनी हात पोळून घेतले आहेत. समजा, एखाद्या उद्योगाने पदरचे पैसे खर्चून शंभर ग्राहक मिळविले. दर दोन ग्राहक मिळून सरासरी एक नवा ग्राहक आणतात असे धरले, तर शंभरांनी पन्नास आणले, पन्नासांनी पंचवीस, पंचविसांनी बारा-तेरा. आणि ही माळ विझत विझत एकूण दोनशेच्या आसपास थांबेल. दर दहांनी आठ आणले, तर तीच माळ पाचशेपर्यंत पोचेल, पण थांबेल खरी. दर दहांनी अकरा आणले, की सारे चित्र पालटते. मग प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून मोठी होते. आठ आणि अकरा यांतील अंतर कागदावर तिनाचेच. व्यवहारात ते दुकान आणि साम्राज्य यांतील अंतर ठरते. त्यातही फेरी पुरी व्हावयास किती वेळ लागतो, यावर बरेच अवलंबून असते. अकरा पोस्टकार्डे लिहावयास आणि पोचावयास आठवडा लागे. ईमेलला क्षण पुरतो.

अर्थात दहामागे अकरा हे प्रमाण फार काळ कोणाचेच टिकत नाही. ज्याला त्याला सांगावे, तो आधीच आत आलेला असतो. म्हणून एकदा ओघ सुरू झाला म्हणजे तो निसर्गनियमाने चालूच राहील, असे धरून चालणाऱ्यांची पुढे निराशा होते.

याहून मोठी पंचाईत आरंभीच असते. ज्या वस्तूचे सारे मोल दुसरी माणसे तेथे असण्यात आहे, तेथे पहिला मनुष्य कशासाठी येईल? गावात एकच दूरध्वनी असला तर त्यावर बोलावयाचे कोणाशी? भिशी सुरू करणाऱ्या बायकांना ही अडचण पूर्वीपासून माहीत आहे. त्या कधी साऱ्या शहराची भिशी काढीत नाहीत, एका चाळीची काढतात. फेसबुकने नेमके हेच केले. ४ फेब्रुवारी २००४ रोजी ते सुरू झाले ते केवळ हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुरते. एका आवारातील, एकमेकांना रोज पाहणारी माणसे प्रथम आत घेतली. तेथे दाटी झाल्यावर मग दुसरे विद्यापीठ, मग तिसरे. जगभर विखुरलेल्या दहा हजार अपरिचितांपेक्षा एका वसतिगृहातील पाचशे परिचित अधिक उपयोगाचे असतात, हे त्यांनी ओळखले.

इन्स्टाग्रामचा मार्ग निराळा होता. तेथे पहिल्या मनुष्याला एकट्यालाही काही तरी मिळत होते. केव्हिन सिस्ट्रम आणि माइक क्रीगर यांनी ६ ऑक्टोबर २०१० रोजी ते खुले केले. त्या काळच्या फोनवर काढलेली छायाचित्रे फिकट आणि धूसर येत. या अॅपमध्ये बोटाच्या एका स्पर्शाने त्यांना रंगत आणता येई. कोणी मित्र तेथे नसला तरी एवढ्या कामासाठी ते घेण्याजोगे होते. मग ते चित्र त्याच पडद्यावरून फेसबुकवर, ट्विटरवर पाठविण्याची सोय होती. तेथील मित्रांना ते चित्र दिसे. हे इतके सुंदर कसे आले, अशी पृच्छा होई. आणि चित्राबरोबरचा दुवा त्यांना इकडे घेऊन येई. पहिल्याच दिवशी सुमारे पंचवीस हजार माणसे आली, अडीच महिन्यांत दहा लाख झाली, आणि १ अब्ज डॉलरना फेसबुकने एप्रिल २०१२ मध्ये हा उद्योग घेण्याचे जाहीर केले तेव्हा तेथे काम करणारी माणसे अवघी तेरा होती.

येथे पाहुण्याच्या काठीने साप मारण्याचा प्रकार होता, हे उघडच आहे. काठी ज्याची, तो ती केव्हा काढून घेईल याचा मात्र भरवसा नसतो. ट्विटरवरील आपले मित्र इन्स्टाग्रामवर शोधून काढण्याची सोय ट्विटरने जुलै २०१२ मध्ये बंद केली. तोवर इन्स्टाग्राम स्वतःच्या पायांवर उभे राहिले होते, म्हणून निभावले. फेसबुकच्या आश्रयाने वाढलेल्या खेळांचे तसे झाले नाही. २००९ मध्ये निघालेल्या फार्मव्हिल या शेतीच्या खेळात शेजाऱ्याकडून मदत मागावी लागे, त्याला भेट पाठवावी लागे. त्यामुळे लक्षावधी लोकांच्या फेसबुकावर कोणाची गाय हरवली, कोणाचे पीक आले, याच वार्ता दिसू लागल्या. लोक कंटाळले, तक्रारी झाल्या, आणि फेसबुकने २०१० मध्ये त्या वार्तांना आवर घातला. गायीचा शोध तेथे थांबला.

आता पैशाकडे वळावे. ग्राहकाने ग्राहक आणावा म्हणून त्याला दलाली द्यावी, ही कल्पना कोणालाही सुचेल. पेपालने १९९९-२००० च्या सुमारास नवे खाते उघडणाऱ्यास दहा डॉलर आणि त्याला आणणाऱ्यासही दहा डॉलर देण्याचा धडाका लावला. खाती वाढली, तिजोरी रिती होऊ लागली, आणि मग ही रक्कम पाचावर आणून शेवटी बंद करावी लागली. परंतु पेपाल तगले ते त्या दहा डॉलरमुळेच असे म्हणणे अपुरे होईल. त्यामागे एक सोयही होती. पैसे ईमेलच्या पत्त्यावर पाठविता येत, आणि ज्याला ते आले त्याने खाते उघडले म्हणजेच ते हाती पडत. आपल्या नावे पैसे येऊन पडले आहेत असे कळल्यावर खाते उघडावयाचा कंटाळा करणारा मनुष्य विरळाच! दलाली ही वरची हळद होती. मूळ भाजी निराळी होती.

या संदर्भात भारतातील अनुभव विशेष उद्बोधक आहे, कारण येथे हाच उपाय शासनानेही योजला. मोबाइलवरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठविण्याचे भीम हे अॅप ३० डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतर दोन महिन्यांच्या आत, सुरू झाले. पुढे १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नागपूर येथे झालेल्या समारंभात पंतप्रधानांनी दोन योजना जाहीर केल्या. त्यांतील एक अशी होती की, भीम वापरणाऱ्याने दुसऱ्या कोणास ते वापरावयास लावले, तर दोघांच्याही खात्यात बक्षिसाची रक्कम जमा व्हावी. नव्या मनुष्याने खरोखर काही व्यवहार केल्यावरच ती मिळावयाची होती. मात्र ही अट साधी दिसली तरी तीत शहाणपण होते. नाव नोंदवून झोपी जाणारा ग्राहक कोणाच्याच उपयोगाचा नसतो. या दोन्ही योजनांसाठी सहा महिन्यांकरिता ४९५ कोटी रुपयांची तरतूद होती. सरकारी योजनेचा प्रसार सामान्यतः परिपत्रकाने आणि फलकाने होतो; नागरिकाच्या ओळखीपाळखीला प्रसाराचे माध्यम करण्याचा हा प्रकार प्रशासनाला नवाच होता.

त्याच वर्षी, १८ सप्टेंबरला, गुगलने तेज नावाचे अॅप भारतात आणले; ऑगस्ट २०१८ पासून ते गुगल पे या नावाने ओळखले जाऊ लागले. मित्राला आणणाऱ्यास त्यांनी ५१ रुपये देऊ केले. पन्नास नव्हे, ५१. लग्नात आहेराच्या पाकिटावर शुभ म्हणून चढविलेला वरचा रुपया परदेशी कंपनीच्या हिशेबातही येऊन बसला. ज्याने कोणी हा आकडा सुचविला असेल, त्याला भारतीय मन चांगले ठाऊक होते.

पण याहून रंजक गोष्ट घडली ती २०१९ च्या दिवाळीत. गुगल पेने पाच चित्रे गोळा करण्याचा खेळ काढला: पणती, फूल, झुमका, आकाशकंदील आणि रांगोळी. पैसे पाठविले, बिल भरले, की एखादे चित्र मिळे. पाचही जमविणाऱ्यास २५१ रुपये मिळावयाचे होते. बाकीची चित्रे बहुतेकांना मिळत, रांगोळी मात्र मिळता मिळत नसे. चित्र मित्राकडे मागता येई, मित्राला भेट देता येई, आणि हीच त्या खेळाची खरी कळ होती. त्या दिवसांत कचेऱ्यांतून, लोकलच्या डब्यांतून, नातलगांच्या गटांतून एकच प्रश्न ऐकू येई : रांगोळी आहे का? ज्यांनी वर्षभरात एकमेकांची विचारपूस केली नव्हती, त्यांनी रांगोळीच्या निमित्ताने केली. २५१ रुपयांसाठी सुशिक्षित, मिळवत्या माणसांनी दोन आठवडे इतकी धडपड करावी, हे हिशेबात बसत नाही. ते पैशासाठी नव्हतेच. चार जणांत जे चालले आहे, त्यात आपण नसावे, हे मनुष्याला सोसत नाही. आणि शिवाय दुसऱ्याला दुर्मिळ वस्तू देण्यात एक ऐट असते. ज्याच्याजवळ दोन रांगोळ्या होत्या, तो त्या चार दिवसांचा श्रीमंत होता.

इथवरच्या उदाहरणांत वापरणारा मनुष्य स्वतः काही तरी करीत होता. पत्र लिहीत होता, चित्र पाठवीत होता, रांगोळी मागत होता. यापुढची पायरी अशी की, त्याच्या हातातील नातेसंबंधांची वहीच उद्योगाने वाचावी. ही वही म्हणजे त्याच्या फोनमधील नावांची आणि क्रमांकांची यादी.

व्हॉट्सअॅपचा उदय याच वहीवर झाला. जॅन कूम आणि ब्रायन अॅक्टन, याहू सोडून आलेले हे दोघे, २००९ मध्ये या उद्योगात उतरले. पूर्वीच्या संदेशसेवांत नवे नाव घ्यावे लागे, परवलीचा शब्द लक्षात ठेवावा लागे, आणि मित्रांना एकेक करून शोधून जोडावे लागे. व्हॉट्सअॅपने फोनचा क्रमांक हेच नाव मानले. अॅप उघडताच ते फोनमधील यादी पाही आणि यांतील कोण आधीच येथे आहे ते दाखवी. मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत, भाऊ नागपुरात. सारे पहिल्या क्षणीच समोर उभे! नवख्याला रिकाम्या घरात शिरल्यासारखे वाटतच नसे. जाहिरातीवर जवळजवळ काहीही न खर्चता हा व्याप इतका वाढला की, फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने तो १९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरविले तेव्हा महिन्याला ४५ कोटी माणसे तो वापरीत होती. ज्या आजी-आजोबांनी संगणकाला कधी हात लावला नाही, त्यांनाही तो वापरता येऊ लागला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि वही एकाची असली तरी तीत नावे दुसऱ्यांची असतात, ही गोष्ट या साऱ्या उत्साहात मागे पडली. फोनच्या मालकाने एकदा होकार दिला म्हणजे त्यातील तीनशे माणसांचाही होकार मिळाला असे कसे मानावे? पाथ नावाचे एक अॅप मालकालाही न विचारता त्याची सबंध यादी आपल्याकडे उतरवून घेत असल्याचे फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत त्या कंपनीला पुढील वर्षी आठ लक्ष डॉलर भरावे लागले. लिंक्डइनविरुद्धचा दावा निराळ्या स्वरूपाचा होता. सदस्याच्या ओळखीच्यांना त्याच्या नावाने आमंत्रण जाई, आणि उत्तर न आल्यास पुन्हा, आणि पुन्हा, स्मरणपत्रे जात. सदस्याला वाटे आपण एकदाच बोलावले. पाहुण्याला वाटे हा मनुष्य पिच्छाच पुरवितो आहे. तो दावा २०१५ मध्ये १ कोटी ३० लक्ष डॉलरवर मिटला. लग्नाची अक्षत एकदा देऊन आल्यावर दुसऱ्याने आपल्या नावाने रोज दार ठोठावावे, असा तो प्रकार होता.

भारतात या वहीचा याहून कितीतरी क्रूर उपयोग झाला. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी अनेक अॅपे निघाली. कागदपत्र नको, तारण नको. फक्त फोनमधील यादी पाहण्याची परवानगी द्यावी. अडलेला मनुष्य ती देई. हप्ता चुकला, की वसुलीवाले त्या यादीतील माणसांना फोन करीत. सासरी, कचेरीत, मुलाच्या शिक्षकाला. पूर्वी सावकार दाराशी येऊन बसत असे. हे सावकार ऋणकोच्या साऱ्या परिचयांच्या दाराशी एकाच वेळी बसत. येथे तारण होते ते अब्रूचे. काही ऋणकोंनी या छळापायी जीव दिल्याच्या वार्ता आल्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने या व्यवहाराचा अभ्यास केला, आणि २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, कर्ज देणाऱ्या अॅपांनी फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइली आणि छायाचित्रे यांना हात लावू नये, असे स्पष्ट बजावले. कॅमेरा, ध्वनी वा स्थान यांची परवानगीही ओळख पटविण्यापुरती एकदाच, आणि ऋणकोच्या उघड संमतीने घ्यावयाची. २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. बेकायदा अॅपे या सूचना वाचून पावन होत नाहीत, हे खरे. परंतु मान्यताप्राप्त संस्थांना आता अज्ञानाची सबब उरलेली नाही.

एक प्रकार मात्र असा आहे की, जेथे उद्योगाचा हेतू वाईट नव्हता, परवानगीही घेतलेली होती, आणि सोयही लोकांना प्रिय होती. आलेला संदेश एका स्पर्शाने पुढे धाडण्याची ही सोय. व्हॉट्सअॅपवर माणसे गुंतून राहिली यात या सोयीचा वाटा मोठा आहे. सुप्रभातची फुले, घरगुती औषधे, मुलांचे विनोद, सारे तिच्यावरूनच वाहते. २०१८ च्या उन्हाळ्यात याच वाटेने मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा देशभर फिरू लागली. तिच्याबरोबर चित्रफिती होत्या, आणि ती ओळखीच्या मनुष्याकडून येत होती. हॉटमेलच्या ओळीला ज्या गोष्टीने बळ दिले होते, त्याच गोष्टीने हिलाही दिले. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी भिक्षा मागत फिरणारी पाच माणसे जमावाने मुले पळविणारी समजून ठार मारली. ती सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या या समाजाला महाराष्ट्रातील खेडी अपरिचित नव्हती, की खेड्यांना तो समाज अपरिचित नव्हता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने प्रथम पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण उमटविण्यास प्रारंभ केला, आणि नंतर भारतापुरती अशी मर्यादा घातली की, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येऊ नये. चित्रांशेजारची झटपट पाठविण्याची कळही काढून टाकली. जानेवारी २०१९ मध्ये पाचांची ही मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या अफवा फिरू लागल्यावर, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे ठरले, आणि त्यानंतर तशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. दहामागे अकरा हे जे प्रमाण गाठण्यासाठी उद्योग जिवाचे रान करतात, ते येथे हाताने मोडून दहाच्या खाली आणावे लागले. पोस्टकार्डावर अकरा प्रती लिहिण्याचे श्रम होते, आणि अकरा कार्डांचे पैसेही पडत; त्या श्रमाने आणि पैशाने जी मर्यादा आपोआप पडत असे, तीच येथे आकड्याने घालण्यात आली.